रिगचं आडनाव

पहिल्या मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "आमच्या कंपनीचं तेल कुठे कुठे आहे?" मी आदल्या रात्री पाठ केलेली पाच-सहा तेलक्षेत्रं धडाधड सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचं तेल कुठेच नाही. आम्ही भोक पाडून देतो."

नोकरी तरीही मिळाली, कारण त्या वर्षी रिग, म्हणजे तेलविहिरी खोदणारे अवाढव्य सांगाडे, जास्त आणि माणसं कमी होती. पण तो प्रश्न डोक्यात राहिला. आता या धंद्यात येऊ बघणारी मुलं सल्ला विचारतात, तेव्हा पगार आणि सुट्ट्यांवर बोलण्याआधी मी त्यांना एकच काम देतो: ज्या कंपनीत जाताय तिचा इतिहास वाचून या. मुलं कंपनीच्या संकेतस्थळावरचा 'आमच्याविषयी' हा परिच्छेद वाचून येतात. तो इतिहास नव्हे, ती लग्नपत्रिका.

आधी मूळ गोष्ट. तेल ज्याचं तो ऑपरेटर. परवाना त्याचा, विहीर त्याची, तेल लागलं तर नफा त्याचा आणि कोरडी निघाली तर खड्डाही त्याचाच. रिग आणि रिगवरची माणसं ज्याची तो ड्रिलिंग कॉन्ट्रॅक्टर. बोअरवेलची गाडी घेऊन फिरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. पाणी लागो न लागो, तो फुटावर पैसे घेतो. आम्ही बहुतेक वेळा दिवसावर घेतो. त्या भाड्याला म्हणतात डे रेट. २०१३च्या सुमारास खोल समुद्रातल्या नव्या ड्रिलशिपला (खोदकाम करणाऱ्या जहाजाला) दिवसाला सहा लाख डॉलरच्या आसपास भाडं मिळत होतं. रिगवर ऑपरेटरचा एक प्रतिनिधी असतो, त्याला सगळे 'कंपनी मॅन' म्हणतात. नव्या माणसाला वाटतं हा आपल्या कंपनीचा. तो आपल्या गिऱ्हाइकाचा असतो. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि कसं कळलं ते इथे लिहीत नाही.

तर मग जिच्याकडे तेलाचा थेंब नाही, त्या कंपनीकडे असतं काय? रिग, करार आणि माणसं. तिन्ही गोष्टी हस्तांतर करता येतात. म्हणूनच या धंद्याचा इतिहास म्हणजे लग्नं, काडीमोड आणि दत्तकविधानं यांची वंशावळ आहे. एखादी वंशावळ नीट वाचली की बाकीच्या वाचायची नजर येते. मी मुलांना ट्रान्सओशन या ड्रिलिंग कंपनीची वाचायला देतो, कारण तिच्यात सगळं आहे.

१९५३ साली अमेरिकेतल्या सदर्न नॅचरल गॅस नावाच्या पाइपलाइन कंपनीने समुद्रात खोदकाम करणारा एक धंदा विकत घेतला. तो होता डीलाँग आणि मॅकडरमॉट यांच्या भागीदारीतला. त्यातून 'द ऑफशोर कंपनी' उभी राहिली. पाय खाली सोडून समुद्रतळावर उभी राहणारी जॅकअप रिग मेक्सिकोच्या आखातात कामाला लावणाऱ्या पहिल्या काही कंपन्यांपैकी ही एक. पुढे मूळ कंपनीचं नाव सोनॅट झालं, आणि १९९३ मध्ये तिने आपली ही लेक वेगळी काढून दिली. तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, या लेकीने नॉर्वेची ट्रान्सओशन ही कंपनी घेतली. म्हणजे पैसे अमेरिकन कंपनीने मोजले आणि आडनाव मात्र नॉर्वेकराचं लावलं. घरजावई व्हायला तयार असलेला खरेदीदार या धंद्यात नवा नाही. नावाला बाजारात वजन असेल, तर नावही विकत मिळतं.

त्यानंतरचा वेग बघा. १९९९ मध्ये सेडको फोरेक्स आली, २००१ मध्ये आर अँड बी फाल्कन, २००७ मध्ये ग्लोबलसांताफे. यातली प्रत्येक कंपनी स्वतःच दोन-दोन घराण्यांची बेरीज होती. सेडको म्हणजे साउथईस्टर्न ड्रिलिंग कंपनी. १९४७ मध्ये ती सुरू करणाऱ्यांपैकी बिल क्लेमेंट्स पुढे दोनदा टेक्ससचे गव्हर्नर झाले. फोरेक्स फ्रेंच. दोघींना श्लुम्बर्जे या तेलविहिरींना सेवा पुरवणाऱ्या कंपनीने १९८०च्या दशकात एकत्र बांधलं. आर अँड बी म्हणजे रीडिंग अँड बेट्स, तिचं फाल्कनशी लग्न १९९७ चं. ग्लोबल मरीन आणि सांता फे २००१ मध्ये एक झाल्या. त्याआधी सांता फे कुवेतच्या सरकारी तेल कंपनीने घेतली होती, आणि ग्लोबल मरीन १९८६च्या मंदीत दिवाळखोरीत जाऊन तीन वर्षांनी पुन्हा उभी राहिली होती.

एवढी नावं पाठ करायची गरज नाही. ती रिगच्या अंगावर लिहिलेली असतात. 'ट्रायडंट' नावाची जॅकअप दिसली की ती सेडको फोरेक्सच्या घरातली. 'हाय आयलंड', 'मेन पास', 'एड्रियाटिक' ही ग्लोबल मरीनची पोरं. 'ग्लोमार' म्हणजे ग्लोबल मरीनचाच संक्षेप. आणि ग्लोमारवरून आठवलं: १९६८ मध्ये बुडालेली सोव्हिएत पाणबुडी १९७४ मध्ये पॅसिफिकच्या तळातून गुपचूप उचलण्यासाठी सीआयएने बांधून घेतलेलं 'ग्लोमार एक्सप्लोरर' हे जहाज नंतर ड्रिलशिप झालं आणि फिरत फिरत ट्रान्सओशनच्या ताफ्यात आलं. 'धीरूभाई डीपवॉटर केजी१' हे नाव तर सरळच सांगतं की बांधताना कोणत्या गिऱ्हाइकाचा आणि कोणत्या खोऱ्याचा करार डोळ्यांसमोर होता.

हे सगळं गमतीचं वाटतं, पण त्याचा हिशोब शेवटी कामावर येऊन पोहोचतो. माझा पोहोचला तो असा.

पहिल्या कंपनीने (नाव नको) मला जुन्या जॅकअपवर पाठवलं. रिगचा तो चौथा मालक. नव्या पोराला पहिलं काम ठरलेलं: नीडल गन घेऊन गंज खरवडायचा आणि रंग मारायचा. डॉगहाउसच्या, म्हणजे ड्रिलरच्या केबिनच्या, मागच्या भिंतीवर मी तीन दिवस होतो. सुया लोखंडावर तडतडतात, हाताला मुंग्या येतात आणि रंगाचे पापुद्रे बशीएवढ्या तुकड्यांनी पडतात. एक तुकडा उचलून कडेने पाहिला. वर पांढरा, त्याखाली निळा, मग हिरवा आणि अगदी तळाशी प्रायमरला चिकटलेला नारिंगी. टूलपुशर, म्हणजे रिगवरच्या खोदकामाचा प्रमुख, मागे येऊन उभा राहिला होता. वीस वर्षं त्याच रिगवर काढलेला माणूस. त्याने तो तुकडा घेतला आणि नखाने एकेक थर दाखवला. "हा आताचा. हा निळा आला तेव्हा अर्धी माणसं गेली. हिरव्याच्या काळात जेवण चांगलं होतं." नारिंगीवर काही बोलला नाही.

मालक बदलला की रंग आठवड्यात बदलतो, भांडारातले नंबर बदलायला वर्षं लागतात. विहिरीत खोदकामाचा चिखल ढकलणाऱ्या मड पंपाच्या एका भागाची, व्हॉल्व्ह सीटची, मागणी मी नव्या संगणकात टाकली. यंत्रणा म्हणाली, असा पार्ट नाही. नंबर निळ्याच्या काळातला होता. कोणीतरी 'जवळपासचा' नंबर टाकून पार्ट मागवला, तो आला आणि बसलाच नाही. जुन्या भांडारपालाकडे हाताने लिहिलेली एक वही होती, जुना नंबर डावीकडे आणि नवा उजवीकडे. त्या वहीवर रिग चालत होती म्हटलं तरी चालेल.

दुसरा प्रसंग इतका साधा नव्हता. देखभालीसाठी बंद केलेल्या व्हॉल्व्हवर टॅग लावतात. मला प्रशिक्षणात शिकवलं होतं की पिवळा टॅग म्हणजे नुसती माहिती, आणि हात लावायचा नाही तो लाल. आधीच्या मालकाच्या पद्धतीत पिवळा म्हणजेच 'हात लावू नका' असा अर्थ होता, आणि त्या काळातल्या एका फिटरने सवयीने जुन्या गठ्ठ्यातला पिवळा टॅग लावला होता. पुढच्या लाइनवर माणूस काम करत होता. माझा हात चाकावर होता, अर्धा फेरा झाला असेल. कोणीतरी शिवी घातली आणि मी थांबलो. कुणाला काही झालं नाही. चौकशीत लिहिलं गेलं की प्रशिक्षणार्थीने खात्री केली नाही. ते खरंच आहे. एकाच रिगवर दोन घराण्यांचे टॅग कसे राहिले, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती.

म्हणून सांगतो, रिगवर गेल्या गेल्या दोन गोष्टी विचारा. काम सुरू करण्याच्या परवान्याची आणि टॅगची पद्धत कधीपासूनची आहे? आणि ऑपरेटरबरोबरचं ब्रिजिंग डॉक्युमेंट कुठे आहे? ऑपरेटरचे सुरक्षेचे नियम आणि कॉन्ट्रॅक्टरचे नियम यांत फरक असेल तिथे कोणाचा चालणार, हे त्या कागदात ठरलेलं असतं. बहुतेक जण तो उघडत नाहीत.

डीपवॉटर होरायझन या रिगवरचा स्फोट तुम्हाला माहीत असेलच. २० एप्रिल २०१०, मेक्सिकोच्या आखातातली मॅकोंडो विहीर, ११ माणसं गेली. बातम्यांत नाव गाजलं बीपीचं, कारण विहीर तिची. रिग ट्रान्सओशनची होती आणि गेलेल्या ११ पैकी ९ जण तिचे कर्मचारी होते. सिमेंटचं काम हॅलिबर्टनचं, बीओपी (विहीर उसळली तर तिचं तोंड बंद करणारी झडप) कॅमेरॉनची बनावट. या रिगचा जन्मदाखलाही वाचण्यासारखा आहे. ती मागवली आर अँड बी फाल्कनने, बांधली कोरियात ह्युंदाईच्या गोदीत, आणि २००१ मध्ये तयार होऊन पाण्यात आली तोवर मागवणारी कंपनीच ट्रान्सओशनमध्ये विरघळली होती. २०१३ मध्ये ट्रान्सओशनने अमेरिकी सरकारबरोबर दिवाणी आणि फौजदारी मिळून १४० कोटी डॉलरचा समझोता केला. मुलाखतीत कुणी यावर विचारलं तर 'बीपीचा अपघात' म्हणून मोकळे होऊ नका. समोर बसलेल्या माणसाचा एखादा ओळखीचा त्यात असू शकतो.

आता पैशाची बाजू. २००७च्या ग्लोबलसांताफे विलीनीकरणात भागधारकांना सुमारे १५ अब्ज डॉलर रोख वाटले गेले, आणि ते कर्ज काढून. तेजी होती तोवर हे कर्ज कुणाला बोचलं नाही. जून २०१४ मध्ये बॅरलला ११० डॉलरच्या वर असलेलं ब्रेंट कच्चं तेल जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्या खाली गेलं. डे रेट कोसळले, हप्ते तसेच राहिले. २०२० मध्ये डायमंड ऑफशोर, नोबल आणि व्हॅलारिस यांनी एकामागून एक दिवाळखोरीचा अर्ज केला. ट्रान्सओशन त्यातून वाचली. व्हॅलारिस तर एन्स्को आणि रोवन यांच्या २०१९च्या लग्नातून झालेली, म्हणजे वर्षभराचं पोर.

मंदी आली की आधी रिग 'स्टॅक' होतात. वॉर्म स्टॅक म्हणजे थोडी माणसं ठेवून यंत्रं चालू स्थितीत राखणं. कोल्ड स्टॅक म्हणजे दिवे मालवून कुलूप. माझी रिग कोल्ड स्टॅक होणार हे मला क्रू चेंजच्या, म्हणजे रिगवरची माणसं बदलण्याच्या, आदल्या दिवशी कळलं. त्याच कंपनीच्या जाहीर कागदात ते चार महिने आधीपासून दिसत होतं. शेअर बाजारात असलेल्या ड्रिलिंग कंपन्या 'फ्लीट स्टेटस रिपोर्ट' प्रसिद्ध करतात. एकेका ओळीत रिगचं नाव, बांधणीचं वर्ष, गिऱ्हाईक, ठिकाण, करार कधी संपतो आणि बऱ्याचदा डे रेट. माझ्या रिगसमोर करार संपण्याची तारीख होती आणि पुढचा रकाना रिकामा. हा कागद फुकट मिळतो. मी गुंतवणूकदार नाही म्हणून उघडला नव्हता.

तुम्ही उघडा. ऑफर लेटरमध्ये रिगचं नाव असेल तर ती ओळ शोधा. बांधणीचं वर्ष १९८०च्या आसपासचं असेल तर लगेच घाबरू नका. त्या काळातल्या जॅकअप नीट दुरुस्ती करून अजून काम करतात. ट्रान्सओशनने २०१२ मध्ये उथळ पाण्यातल्या ३८ जुन्या रिग एकगठ्ठा १०५ कोटी डॉलरला काढून टाकल्या, त्यावर शेल्फ ड्रिलिंग ही दुबईची कंपनी उभी राहिली, आणि त्यातल्या काही रिग मुंबई हायवर ओएनजीसीसाठी खोदत राहिल्या. एकाला नकोसं झालेलं दुसऱ्याचं भांडवल. पण रकाना रिकामा असेल तर विचारा: करार वाढला नाही तर मला दुसऱ्या रिगवर पाठवणार की घरी?

अजून एक, नेमणूकपत्रावर खाली कोणाचं नाव आहे ते वाचा. बऱ्याचदा ते मुख्य कंपनीचं नसतं, माणसं पुरवणाऱ्या एखाद्या उपकंपनीचं असतं. माझ्या दुसऱ्या नोकरीत मालक बदलला तेव्हा आम्हा सगळ्यांना नवी पत्रं मिळाली, अभिनंदनाच्या केकसकट. दोन वर्षांनी लक्षात आलं की सेवेची वर्षं पुन्हा शून्यापासून मोजली जात होती. ज्याने सही करण्याआधी 'सेवा अखंड धरली जाईल' एवढं वाक्य लिहून मागितलं त्याला ते मिळालं होतं. असा एकच माणूस होता, आमचा रेडिओ ऑपरेटर. आम्ही त्याला तेव्हा किचकट म्हणायचो.

आता जिथे आहे तिथल्या रिगच्या अंगावर जुनं नाव वेल्डिंगने उठवलेलं आहे. वरून तीनदा रंग बसला तरी तिरक्या उन्हात अक्षरं वाचता येतात. गेल्या हिचला (रिगवरच्या पाळीला) एक नवा मुलगा खाली बोटीतून वर बघत होता. जेवणाच्या वेळी माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "सर, पहिलं अक्षर एस आहे की जी?"

मी म्हटलं, "भांडारात जा, डावीकडच्या कपाटात एक वही आहे."