जर्मन क्वीअर कादंबरी वाचायची कशी?

क्वीअर म्हणजे समलिंगी किंवा स्त्री-पुरुष या चौकटींत न बसणाऱ्या माणसांची. आधी पेन्सिल घ्या. पात्राचं जन्मवर्ष कळलं की ते समासात लिहा आणि तारुण्यात त्याच्या डोक्यावर कुठला कायदा होता, ते शेजारी मांडा. समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरवणारं कलम १७५ नाझींनी १९३५ मध्ये कडक केलं. पश्चिम जर्मनीत ते १९६९ पर्यंत तसंच चाललं, मग सैल झालं आणि पूर्ण गेलं थेट १९९४ मध्ये. लग्नाचा हक्क आला २०१७ मध्ये. ही आकडेमोड कंटाळवाणी आहे, मान्य. पण ती टाळली तर कादंबरीतला गप्प बसणारा काका उगाच खडूस वाटायला लागतो.

सुरुवात फात्मा आयदेमिर यांच्या 'ड्शिन्स'ने (२०२२) करा. इंग्रजी अनुवादही चालेल. जर्मनीत वर्षानुवर्षं राबलेला हुसेयिन इस्तंबूलमध्ये घर घेतो आणि तिथेच कोसळतो. त्याचा धाकटा मुलगा उमित फुटबॉलच्या संघातल्या एका मुलाच्या प्रेमात पडलेला. इथे बहुतेक वाचक लगेच तुर्की घराकडे बोट दाखवतात: कर्मठ आईबाप, दुसरं काय होणार! जरा थांबा. उमितला 'बरं' करायला डॉक्टरकडे कोण पाठवतं ते बघा. घरचे नव्हेत, संघाचा प्रशिक्षक. चारचौघांसारखं वाग, हा धाक मोकळ्या म्हणवणाऱ्या जर्मन समाजातूनच येतो, तोही काळजीच्या सुरात. ते प्रकरण मी दोनदा वाचायला सांगते: एकदा उमितसाठी, एकदा फक्त त्याच्याशी गोड बोलणाऱ्या मोठ्यांसाठी. कोण काय विचारतं, आणि काय विचारायचं टाळतं, त्याखाली रेघ ओढा.

मग साशा मारियाना साल्झमान यांची 'आउसर झिश' (२०१७). आली नावाची नायिका आपल्या हरवलेल्या जुळ्या भावाला, आन्तोनला, इस्तंबूलमध्ये शोधत फिरते. सोव्हिएत काळातल्या ज्यू पूर्वजांपर्यंत गोष्ट मागे जाते, म्हणून वंशवेल काढून ठेवा, नाहीतर पणजोबांशी गाठ पडेपर्यंत तुम्ही हरवलेले असाल.

किम द लोरिझोन यांची 'ब्लुटबूख' शेवटी ठेवा. लेखन स्वित्झर्लंडमधलं, पण २०२२ चं जर्मन पुस्तक पारितोषिक याच कादंबरीला मिळालं. स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणारा निवेदक स्मृतिभ्रंश होत चाललेल्या आजीला उद्देशून लिहितो. कथानक हुडकत बसू नका, तुकड्यातुकड्याने वाचा. मध्येच येणारी एका झाडाच्या इतिहासाची पानं जड गेली तर खुशाल पुढे जा, नंतर परत या. शेवटचा भाग आजीला न कळणाऱ्या इंग्रजीत आहे. घरात जे बोलताच आलं नाही, ते तिथे बोललं जातं.

पारितोषिक घेताना किम यांनी इराणी स्त्रियांच्या पाठिंब्यासाठी मंचावरच डोक्याचे केस कापले होते. ती चित्रफीत पुस्तक संपल्यावर बघा. आधी बघितलीत तर पानापानावर तोच प्रसंग दिसत राहील.