माळावरच्या कुरणाची तयारी: वळवापासून दिवाळीपर्यंत

पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, वीतभर मुरमाड माती, चाळीसेक मेंढ्या आणि दावणीला दोन-चार गाई. अशा घरासाठी ही यादी आहे. विहिरीच्या पाण्यावर संकरित नेपिअर गवत कापणाऱ्यांचं गणित निराळं, ते इथं लागू पडायचं नाही.

बी विकत आणायच्या आधी मे महिन्यात माळ पायी फिरून या. गवत वाळलेलं असलं तरी बुडखे जिवंत असतात आणि ओळखूही येतात. मारवेल गवताच्या पेरांवर पांढऱ्या केसांचं बारीक कडं दिसतं. पवना आणि डोंगरी ही गवतं उताराच्या खडकाळ भागात झुपक्यांनी उभी असतात. दर एक-दोन पावलांवर यांपैकी काही सापडत असेल तर त्या माळात नांगर घालू नका. त्याला बियाणं नको, फक्त विसावा हवा. चांगल्या माळाला पडीक समजून उलटापालटा करणं आणि मग विकतचं बी पेरणं, यासारखं दुसरं नुकसान नाही. माळभर नुसती कुसळीच (टोचऱ्या कुसांचं गवत) दिसली, तर तिथं बरीच वर्षं आग तरी लागत आली आहे किंवा अतोनात चराई तरी झाली आहे. अशा ठिकाणी पेरणीचा विचार करा. घाणेरीची झुडपं आणि गाजरगवत मात्र पहिल्या पावसानं माती मऊ झाली की मुळासकट उपटायला माणसं ठरवून ठेवा. गाजरगवत फुलावर यायच्या आत काढायचं, आणि हातमोजे घालून.

आता निवड. उथळ मुरमाला पवना आणि डोंगरी, जरा खोल काळसर पट्ट्याला मारवेल, हलक्या कोरड्या जमिनीला अंजन गवत, आणि ओढ्याकाठी पाणी साचतं तिथं पॅरा गवत. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मारवेलाचे सुधारित वाण काढले आहेत. ते ठोंबांनी लावा, बियांपेक्षा लवकर जम धरतात. अंजनाचं बी हेक्टरी पाचेक किलो पुरतं, पण ते ताजं नको. काढणीनंतर काही महिने ते सुप्तावस्थेत असतं, त्यामुळे गेल्या हंगामातलं बी जास्त चांगलं उगवतं. हे बी कुसासारखं हलकं असतं आणि वाऱ्यानं उडतं. ओलसर माती आणि शेणखतात कालवून उथळ रेघेत टाका आणि वर जेमतेम सेंटिमीटरभर माती येऊ द्या. खोल गेलं की संपलं.

नुसतं गवत लावून थांबू नका. कोवळ्या अंजनात आठ-दहा टक्के प्रथिनं असतात, तेच गवत बी झडून वाळलं की तीन-चार टक्क्यांवर येतं. चाऱ्यात सातेक टक्क्यांपेक्षा कमी प्रथिनं असली की पोटातले जीवाणू नीट काम करत नाहीत, चारा पचत नाही आणि जनावर भरल्या माळावर उभं राहूनही खंगतं. म्हणून गवताच्या ओळींमध्ये स्टायलो पेराच. ती शेंगवर्गीय आहे, हवेतला नत्र जमिनीत आणते आणि गवत पिवळं पडल्यावरही तिची पानं बराच काळ पौष्टिक राहतात. तिच्या बियांचं कवच टणक असतं. पेरण्याआधी बी वाळूत घासून घ्या.

नव्या पेरणीत पहिलं वर्ष जनावर शिरता कामा नये. हीच अट सर्वांत अवघड जाते, म्हणून पावसाआधीच घरात आणि शेजारी बोलून ठेवा. गायरान असेल तर ग्रामसभेत बोला. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं डोंगरावर चराईबंदी केली आणि गवत कापून न्यायची मुभा ठेवली. गावानं एकत्र बसून ठरवलं की ते टिकतं, हे तिथं दिसतं.

जनावरांची तयारीही याच दिवसांतली. मेंढ्यांना आंत्रविषाराची लस पावसाआधी द्या, कारण कोवळं गवत एकदम पोटभर मिळालं की हा रोग उसळतो आणि सांजेपर्यंत धडधाकट असलेली मेंढी सकाळी मेलेली सापडते. गाईंना घटसर्प आणि फऱ्याची लस. जंताचं औषध पशुवैद्यकांना विचारून द्या. पहिल्या हिरवळीवर सोडताना आधी थोडा कोरडा चारा खाऊ घाला आणि चराईचे तास हळूहळू वाढवा. दव वाळल्याशिवाय सोडू नका, ओल्या पात्यांवर जंताच्या अळ्या वर चढलेल्या असतात.

किती जनावरं पोसतील याचा हिशेब जूनमध्ये नाही, ऑगस्टअखेर करा. मीटर बाय मीटरची चौकट चार-पाच ठिकाणी टाकून आतलं गवत कापा, वाळवा, तोला. चौरस मीटरला सरासरी 200 ग्रॅम निघालं तर एकरी सुमारे 800 किलो झालं. त्यातलं निम्मंच आपलं, निम्मं बुडख्यांसाठी आणि मातीसाठी. तीस किलोची मेंढी दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा खाते. चाळीस मेंढ्यांना त्या 400 किलोत दहाच दिवस निघतात! हा आकडा पाहून कळप कमी करायचा की चारा विकत घ्यायचा, ते वेळेत ठरवता येतं.

माळाचे चार भाग पाडा. काटेरी कुंपण परवडत नसेल तर दगडी खुणा आणि राखणारा माणूसही चालतो. गवत गुडघ्याखाली, फूटभर आलं की एका भागात सोडा, चार बोटं उरलं की हलवा, आणि त्या भागाला पावसाळ्यात महिना-सव्वा महिना सुट्टी द्या. आधी गाई, मागून मेंढ्या. गाय जिभेनं वेढून तोडते, बुडखा राखते. मेंढी मात्र जमिनीलगत खाते, म्हणून तिला रेंगाळू देऊ नये. शेळ्यांना शेवरी आणि बाभळीच्या कडेला न्या, त्यांचं मन पाल्यातच असतं. दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवा आणि तो पाळीपाळीनं बदला. मिठाच्या चाटण विटा पाण्यापासून लांब टांगा, म्हणजे कळप सगळ्या माळावर पसरतो.

कुसळी असेल तर ती फुलण्याआधी जनावरांना चारून घ्या किंवा कापा. नंतर तिची कुसं तोंडात, डोळ्यांत आणि लोकरीत घुसतात. वाळवणीचं गवत फुलोरा धरताना, पावसानं उघडीप दिली की कापा. पूर्ण पिकायची वाट पाहिली तर गंजी मोठी दिसते आणि जनावराच्या पोटात काडीच जाते. दिवाळीच्या सुमारास माळाभोवती तीनेक मीटरचा पट्टा खरवडून, आग पसरू नये म्हणून जाळपट्टा काढून ठेवा.