थंड इंजिन, जुना कार्ब्युरेटर आणि पहिली किक

जुनी मोटरसायकल सकाळी सुरू होईना की हात आधी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो, आणि दुखणे बहुतेक वेळा दुसरीकडेच असते. म्हणून कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी उघडावा. त्याआधी टॅपेट (झडपांजवळचे अंतर) थंड इंजिनावर तपासावेत, प्लग नवा घालावा आणि पॉइंटचे, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांचे, अंतर पाहावे. कॉइल इग्निशनच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत ते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. टाकीत कित्येक महिन्यांचे पेट्रोल असेल तर ते काढून टाकावे. त्यानंतर पाहायची ती हवेची गळती. एमल कंपनीच्या कॉन्सेंट्रिकसारख्या कार्ब्युरेटरचा फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी सपाट कड, त्यावरचे नट गरजेपेक्षा जास्त आवळल्याने वाकतो; तो सुटा करून त्यावर पोलादी पट्टी उभी धरावी, आणि पट्टीखालून मधोमध उजेड दिसला तर काचेवर पसरलेल्या एमरी कागदावर तो सपाट होईपर्यंत घासून घ्यावा. हा बारीक उजेड दिसत असेपर्यंत स्क्रूची कोणतीही सेटिंग टिकत नाही.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून थंडीत त्यातला हलका भागच वाफ होतो, उरलेला इनलेटच्या भिंतींवर थेंबाथेंबाने चिकटून बसतो. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण गरम इंजिनाला पुरते, परंतु थंड इंजिनाला सुरुवातीची काही मिनिटे त्याहून पुष्कळ रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, मिश्रण लागते. ते देण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येकीत थ्रॉटल (मुठीने उघडणारी हवेची वाट) वेगळ्या रीतीने हाताळावा लागतो. एका गाडीची सवय दुसरीवर चालवली की माणूस घामाघूम होतो आणि गाडी थंडच राहते.

एमल मोनोब्लॉक किंवा १९६७ पासूनच्या कॉन्सेंट्रिकवर टिकलर नावाचे छोटे बटण असते. ते दाबले की पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट खाली ढकलला जातो, पेट्रोलची पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि बोटाच्या टोकाला ओल लागते. ओल लागताच बोट उचलावे, बाहेर आलेले पेट्रोल पुसून घ्यावे आणि जवळपास विस्तव नसल्याची खात्री करावी. (त्या बोटाचा वास दिवसभर जात नाही, हे या छंदाचेच अंग समजावे.) हवेची स्लाइड किंवा झडप असेल तर ती बंद करून थ्रॉटल अगदी किंचित उघडा ठेवावा. मिकुनी व्हीएम जातीच्या कार्ब्युरेटरवर मात्र ज्याला आपण चोक म्हणतो तो खरे तर पेट्रोलचा स्वतंत्र मार्ग आहे, आणि तो थ्रॉटल बंद असताना इंजिनाने ओढलेल्या निर्वातावर चालतो. किक मारताना मूठ पिळली की हा निर्वात मोडतो आणि चोक ओढलेला असूनही नसल्यासारखा होतो. या कार्ब्युरेटरच्या गाड्या ‘थंडीत हट्टी’ म्हणून बदनाम होतात, त्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

किक मारण्याआधी इग्निशन बंद ठेवून क्लच दाबावा आणि किकवर दोन-तीनदा वजन टाकून चिकटलेल्या क्लच प्लेट सुट्या कराव्यात. मग क्लच सोडून सावकाश दोन किक द्याव्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल पोहोचते. ठिणगीची वेळ हाताने बदलण्याची (अॅडव्हान्सची) सोय असल्यास ठिणगी रिटार्ड करावी, म्हणजे उशिरा पडेल अशी ठेवावी, नाहीतर किक उलटून घोट्याला इजा होते. पॉइंट असलेल्या जुन्या बुलेट मोटरसायकलवर इग्निशन सुरू करून किक हळूहळू खाली नेताना अॅमीटरची (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरची) सुई एका बाजूला झुकलेली दिसते आणि पॉइंट उघडताच मधोमध येते. त्या जागी डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून पिस्टन थोडा पुढे न्यावा, डिकॉम्प्रेसर सोडावा, किक वर आणावी आणि मगच ती एकदाच, शेवटपर्यंत मारावी. पेट्रोल जास्त होऊन प्लग ओला झाला, तर इग्निशन बंद ठेवून चोक काढावा, थ्रॉटल पूर्ण उघडून पाच-सहा किक माराव्यात आणि प्लग कोरडा करून पुन्हा सुरुवात करावी.

सेटिंग गरम इंजिनावरच करावे, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून झाल्यावर. फ्लोटची उंची आधी बरोबर हवी, कारण ती चुकली तर पुढचे सगळेच चुकते. थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा कराव्यात. वर-खाली सरकणाऱ्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये पाऊण ते पूर्ण थ्रॉटलला मेन जेट (पेट्रोलचे मोठे छिद्र), पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकणारी सुई), त्याखाली एक अष्टमांशापर्यंत स्लाइडचा कटअवे (तिच्या तळाचा तिरपा काप) आणि अगदी तळाला पायलट जेट (संथ चालीचे बारीक छिद्र) काम करतो. आधी मेन जेट, मग पायलट, त्यानंतर कटअवे आणि शेवटी नीडल असा क्रम ठेवावा. नीडलची क्लिप एक खाच खाली बसवली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होते.

पायलटच्या स्क्रूबाबत सर्वांत जास्त गोंधळ होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो आणि आत फिरवल्याने मिश्रण रिच होते; इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुतेक वेळा तो मिश्रणच सोडतो आणि बाहेर फिरवल्याने रिच होते. दोन्ही प्रकारांत स्क्रू हलक्या हाताने आत टेकवावा, दीड फेरा बाहेर काढावा, आयडलिंग थोडे वाढवावे आणि एक अष्टमांश फेऱ्याच्या पायरीने आवाज सर्वांत वरचा व स्थिर होईल तिथे थांबावे. मग आयडलिंग उतरवून हेच पुन्हा करावे. स्क्रू कितीही फिरवून काहीच फरक पडत नसेल तर पायलट जेट तुंबलेला आहे. त्यात तार न खुपसता दाबाची हवा मारावी.

इथेनॉलला जळण्यासाठी वजनाने सुमारे ९ भाग हवाच पुरते, त्यामुळे इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर जुनी सेटिंग लीन पडते, म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडते, आणि सकाळच्या किकला ते आधी जाणवते. दोन कार्ब्युरेटर असतील तर दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का, हे बोटाने चाचपून पाहावे.

रात्रभर गाडी तशीच ठेवून सकाळी निकाल पाहावा. चोकवर सुरू होऊन चोक काढताच इंजिन बंद पडत असेल, आणि बरीच मिनिटे हेच होत राहिले, तर पायलट लीन आहे. चोक न ओढता लगेच सुरू होत असेल तर रिच आहे किंवा फ्लोट उंच आहे. दुरुस्ती पाव फेऱ्याहून जास्त करू नये, आणि तिचा निकाल त्याच दिवशी काढू नये, कारण एकदा चाललेले इंजिन हाताला थंड लागले तरी आतून कित्येक तास कोमट असते.