सुकती बघितलीत का? केरीच्या किनाऱ्यावर फुलं-पाखरं पाहायला निघण्याआधी

पाणी, टोपी, थोडा खाऊ. हे कोणीही घेतंच, त्यावर शब्द घालवत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च सरेपर्यंत गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर चालायला जायचं असेल, तर सगळ्यात आधी सुकतीची वेळ काढा. सुकती म्हणजे ओहोटी. पिशवी नंतर भरा.

गेल्या वर्षी मी सगळं घेतलं आणि एवढंच विसरले. होळीची सुट्टी होती. आत्या आणि दोन भाचे बरोबर. केरीच्या सुरूच्या बनापासून हरमलच्या दिशेने निघालो. मध्ये डोंगराचं टोक समुद्रात उतरतं. वरून पायवाट आहे, पण सकाळी साडेसातला खाली वाळू उघडी होती, म्हणून खडकांवरून वळसा घातला. पलीकडे तास-दीड तास रमलो. परत फिरलो तेव्हा वाळू नव्हती, माझ्या कमरेएवढं पाणी होतं आणि लाटा खडकावर फुटत होत्या. आत्याचा पाय कालवांच्या धारेवर कापला. वरच्या बाजूने जाणाऱ्या एका रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, हाक मारून चढायची जागा दाखवली. करवंदीच्या जाळीतून पोरांना वर ढकललं तेव्हा माझे हात थरथरत होते. होळी म्हणजे पौर्णिमा आणि पौर्णिमा म्हणजे उधाण, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी कॅलेंडरकडे मी फक्त सुट्टीसाठी बघितलं.

म्हणून हिशेब नीट सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वा अकरा. दुपारच्या आधी पूर्ण भरती, म्हणजे सुकती त्याच्या सहा तास आधी, पहाटे पाच-सव्वापाचला. तुम्ही सात वाजता वाळूवर पाय ठेवता तेव्हा पाणी चढायला लागलेलं असतं. उघडी वाळू बघून फसायला होतं ते इथेच. तृतीया घ्या: भरती सव्वादोनला, सुकती साडेआठच्या आसपास. उजाडता निघालात तर पाणी तुमच्यापुढे मागे हटत जातं. द्वितीया, तृतीया, चतुर्थी, हे तीन दिवस सकाळच्या चालण्याला उत्तम, शुक्ल पक्ष असो की कृष्ण. अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, आणि सुकती ऐन दुपारी उन्हात येते. पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे मुरगाव बंदराचा भरतीचा तक्ताही बघा. मुरगावचाच बघा, मुंबईचा नको, तिथली वेळ वेगळी.

आणि सुकती किती वाजता आहे ते कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनवर विसंबू नका. माझा फोन त्या दिवशी पाण्यात गेला. सुकतीचा तळ गाठला की परत फिरायचं. समोर काहीही दिसत असलं तरी फिरायचं.

सुकती फक्त जीव वाचवायला बघायची असंही नाही. बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं पाणी उतरल्यावरच दिसतं. खडकांच्या डबक्यांत समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, उघडतात, रिकाम्या शंखांत घर केलेले खेकडे फिरतात. ओल्या वाळूवर बारीक खेकडे वाळू चाळून तिच्या गोळ्यांची नक्षी मांडतात, आणि पुढची भरती ती पुसून टाकते. चिखले, हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी, चरायला येतात तेही पाण्याच्या मागे मागे. मार्चमध्ये त्यांच्या छातीवर तांबूस रंग चढायला लागतो, कुरव या समुद्रपक्ष्यांच्या डोक्यावर गडद टोपी येते. उत्तरेला परतण्याआधीचा हा वेष आपल्याला जेमतेम काही आठवडे बघायला मिळतो. दुर्बीण त्यासाठी. एक असली तरी चालेल, आळीपाळीने बघा.

चपला नकोत. मागून पट्टा असलेली, तळ घट्ट असलेली जुनी पादत्राणं घाला. शेवाळावर पाय सरकतो आणि कालवांची धार सुरीसारखी असते. अनवाणी तर अजिबात नको.

फुलांसाठी लवकर निघा. मर्यादवेलीची जांभळी फुलं सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मलूल होतात. तिचं पान बघा, मधोमध चिरलेलं, बकरीच्या खुरासारखं. ही वेल आणि रावणाच्या मिशा नावाचं काटेरी गवत मिळून वाळू धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यावरून चालू नका, मुलांना उड्या मारू देऊ नका. रावणाच्या मिशांचे काटेरी गोळे वाऱ्याबरोबर पळताना दिसले तर मात्र मुलांना जरूर दाखवा, ते गवत असंच बी पेरत जातं. डोंगराच्या अंगाला करवंदीची पांढरी फुलं, धायटीचे लाल घोस, आणि नशीब असेल तर अंजनी, जिच्या फांद्यांना निळी-जांभळी फुलं लगडतात. काटेसावर आणि पांगारा फुलला असेल तर झाडाखाली दहा मिनिटं गप्प उभं राहा. कोतवाल, साळुंक्या, शिंजीर आपोआप येतात. गावातून जाताना सुरंगीचा वास येईल. तिच्या कळ्या उमलण्याआधीच काढतात. गजरा बाजारातून घ्या, झाड कुणाच्या तरी मालकीचं असतं.

मोरजी किंवा मांद्रेकडे गेलात तर कासवांचे दिवस आहेत. जाळी लावलेली घरटी दिसतील, एकेका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी. तिथे थांबा, पण आत जाऊ नका. अंधारात विजेरीचा पांढरा झोत किंवा फोटोचा फ्लॅश बिलकूल नको. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी रस्त्याकडे जातात. खाऊचं उरलंसुरलं वाळूत टाकू नका. त्याने कुत्री येतात, आणि कुत्री अंडी उकरतात.

बाकी पटापट. रंग मळखाऊ घाला. रिकामी पिशवी न्या, कचरा परत आणा. मलमपट्टी न्या, ती आमच्याकडे नव्हती. किती वाजता परतणार ते घरी एकाला सांगून निघा. किनाऱ्यावर रापणकार भेटला तर थांबून विचारा, "सुकती किती वाजता?" तुमच्या कागदावरची वेळ आणि त्याने सांगितलेली वेळ जुळत नसेल तर त्याची धरा.

डोंगराच्या टोकाला पोचल्यावर वरची पायवाट घ्या, सुकती असली तरी. लहान मुलं किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर खालून जायचा विचारच नको.

घरी आलात की काय काय दिसलं ते त्याच दिवशी वहीत लिहा. तारखेशेजारी तिथीही लिहा.