घरपट्टी भरण्याआधी क्षेत्रफळ तपासा

घरपट्टीचं बिल आलं की नजर थेट शेवटच्या रकमेवर जाते. खरं पाहायचं ते वरच्या मजकुरात असतं. कर म्हणजे साधारणपणे घराचं करपात्र मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर लागतो ती, गुणिले कराचा दर. दर आधीच ठरलेला असतो, त्यावर एकट्याने भांडून फारसं काही होत नाही. मूल्य मात्र तुमच्या घराच्या नोंदींवरून ठरतं आणि नोंदी चुकतात. क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, मजले, वापर निवासी की व्यावसायिक, हे सगळं खरेदीखताशी ताडून बघा. आकारणी क्षेत्रफळावर असेल आणि ८० चौरस मीटरच्या घराची नोंद ९५ अशी झाली असेल, तर कर जवळपास १९ टक्के जास्त बसतो, तोही दरवर्षी!

चूक सापडली तर लेखी हरकत घ्या. मुदत बहुधा आकारणीच्या नोटिशीपासून, म्हणजे मूल्य ठरवल्याचं कळवणाऱ्या पत्रापासून मोजतात, बिलापासून नाही. म्हणून ती नोटीस रद्दीत टाकू नका. हरकत घेतली म्हणून भरणा आपोआप थांबतोच असंही नाही; बिल मुदतीत भरा, नाहीतर वर दंड. सवलतींसाठीही बहुतेक वेळा अर्ज स्वतःच करावा लागतो.