हायब्रिड ॲम्प घेताय? आधी व्हॉल्व्ह काय करतो ते विचारा

माझा पहिला हायब्रिड ॲम्प (गाण्याचा ॲम्प्लिफायर, ज्यात जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असतात) मी रूपाला भुलून घेतला. काचेत केशरी उजेड, भोवती पितळी कड्या, झालं! आठवड्याभरात संशय आला. प्लग काढला, गार होऊ दिला, व्हॉल्व्ह उपसला आणि परत चालू केला. तानपुरा जसाच्या तसा वाजत होता. केशरी उजेड सॉकेटखालच्या एलईडीचा, व्हॉल्व्ह नुसता शोभेला. (हा प्रयोग दुकानात करू नका, हाकलून देतील.) पण विचारा जरूर: आवाज व्हॉल्व्हमधून जातो का, आणि कुठल्या इनपुटला?

चांगल्या हायब्रिडमध्ये आलेला बारीक सिग्नल व्हॉल्व्ह सांभाळतो आणि स्पीकर ढकलायचं हमाली काम ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) करतात. त्यामुळे व्हॉल्व्ह ॲम्पचा तो जड, महाग आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नाही आणि वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) ताब्यात राहतो. म्हणजे व्हॉल्व्ह कितीही नावाजलेला असो, मागचा ट्रान्झिस्टरचा भाग आणि पॉवर सप्लाय लेचापेचा असेल तर पैसे पाण्यात.

वॉटचं गणित स्पीकरवरून करा. माझे स्पीकर ८६ डीबीचे (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप), ८ ओहमचे (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). १ वॉटला १ मीटरवर ८६ डीबी. पुढे दर ३ डीबीला वॉट दुप्पट. ९५ डीबीला ८ वॉट झाले, आणि तबल्याची थाप सरासरीच्या कितीतरी वर उसळते. दहा बाय बाराच्या खोलीत खरे ४०-५० वॉट मला पुरतात. खरे म्हणजे डावा-उजवा दोन्ही चॅनल एकदम चालवून मोजलेले. १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज फाटलेला असताना, मोजलेले आकडे मी धरतच नाही. स्पीकर ४ ओहमचे असतील तर ॲम्पला ते चालतात का, ते आधी बघा.

दुकानात घाई करू नका. वीसेक मिनिटं तापू द्या. गाणं न लावता नेहमीच्या व्हॉल्यूमवर वूफरला कान लावा: हातभर अंतरावरूनही गुणगुण ऐकू आली तर नको. मग दुकानदाराला विचारून पेन्सिलीच्या रबराच्या टोकानं व्हॉल्व्हला हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून बारीक 'टण्' आलं तर चालतं. घुमतच राहिलं तर व्हॉल्व्ह बदलून मागा. जुना ॲम्प असेल तर खिशात मल्टिमीटर ठेवा. इनपुट मोकळं, व्हॉल्यूम शून्यावर, आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवेत. मधे ट्रान्सफॉर्मर नाही, तेव्हा जास्तीचा डीसी थेट तुमच्या वूफरच्या कॉइलमध्ये जातो.

गाणं शेवटी. मी तानपुरा आणि डग्गा ऐकतो. जवारीची (तानपुऱ्याच्या तारेच्या झणझणीची) किनार बोथट झाली किंवा डग्ग्याची मींड नुसती 'धप्प' वाजली, की उठतो.

व्हॉल्व्ह सहज मिळणाऱ्या जातीचा असावा: १२एएक्स७ (आपल्या जुन्या मेकॅनिकांचा ईसीसी ८३) किंवा ६९२२. दोन्हीला नऊच पिना, पण फिलामेंटची (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेची) जोडणी वेगळी. बसतोय म्हणून एकाच्या जागी दुसरा खोचू नका.

अमेरिकेहून कुणी आणून देणार असेल तर मागची पट्टी वाचायला सांगा. नुसता ११५ व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर पहिल्याच मिनिटाला धूर. आणि ॲम्प तापतो, तेव्हा घरी आल्यावर शोकेसमध्ये कोंबू नका. माझ्या आईनं कौतुकानं क्रोशाचं कव्हर विणलं होतं. ते आता मिक्सरवर आहे.