देवकुंडला निघालात? या चुका टाळा

जून लागला की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. "देवकुंड एका दिवसात होतं ना?" होतं. रायगड जिल्ह्यातला हा धबधबा, खाली कुंड; पायथ्याच्या भिरा गावापासून एका बाजूचं अंतर साधारण सहा किलोमीटर, आधी धरणाच्या पाण्याकडेने आणि मग रानातून. चढ म्हणावा तर शेवटाकडे थोडासा. चालायची सवय असेल तर दोन-अडीच तासांत माणूस कुंडापाशी पोचतो. वाट सोपी, म्हणूनच तिला कोणी जुमानत नाही आणि दरवर्षी तेच घोळ होतात.

पहिला घोळ उशिराचा. सकाळी सातला शहर सोडायचं, वाटेत मिसळ, ताम्हिणी घाटात दिसेल त्या धबधब्याशी फोटो, भिऱ्यात पोचेपर्यंत साडेअकरा. मग हिशोब मांडायचा: अडीच तास जायला, अडीच यायला, पाचला गाडीत. या हिशोबात ओढे कुठेच नसतात.

रानात ओढे ओलांडावे लागतात. सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी मांडीला लागू शकतं, आणि त्यासाठी तुमच्या डोक्यावर पाऊस पडायलाच हवा असं काही नाही. हे पाणी येतं वरून, घाटमाथ्यावरून. खाली ऊन असताना वर धो धो कोसळत असतं. कातळ पाणी पीत नाही, जुलैत मातीही आधीच भरलेली असते आणि उतार उभा. २०२४च्या जुलैअखेरीस ताम्हिणीत चोवीस तासांत ५५० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास पडतो. यावरून काय ते समजा.

पावसाळी बंदी नसलेल्या एका जुलैत आम्ही कुंड पाहून परत निघालो होतो. ओढ्याशी आलो तर पाण्याचा रंग बदललेला. सकाळी तळाचे गोटे मोजता येत होते, आता चहासारखं पाणी आणि त्यावर पालापाचोळा, काटक्या. आमच्या वाटाड्याने पिशवी खाली ठेवली आणि सरळ दगडावर बसला. "बसा आता." पलीकडच्या काठावर दहा-बारा पोरांचा एक घोळका नुकताच वर निघाला होता. वाटाड्या नाही, पायात सँडल, एकाच्या खांद्यावर स्पीकर. आम्ही हातवारे करून, ओरडून थांबवत होतो, पण दोघे उतरलेच. दुसरा चौथ्या पावलाला आडवा झाला. नशिबाने खाली झाडाचं मूळ हाती लागलं आणि मित्रांनी ओढून घेतला. बूट गेला, फोन गेला, गुडघा फुटला. त्यानंतर बाकीच्यांनी साखळी करून पुढे यायची भाषा सुरू केली! वाटाड्याने इथे लिहिता येणार नाही अशा शब्दांत त्यांची समजूत काढली, तेव्हा कुठे ते माघारी वळले.

आम्ही दोन तासांहून जास्त तिथेच बसून होतो. चिवडा संपला, गूळ-शेंगदाणे संपले. पाऊस वर थांबला असावा, कारण पाणी जसं चढलं तसंच उतरलं. या आखूड ओढ्यांचं बहुतेक वेळा असंच असतं, म्हणून थांबण्यात अर्थ असतो. गढूळ पाणी, वाहून येणाऱ्या काटक्या, वाढलेला आवाज, यातलं एक जरी दिसलं तरी मी पाय घालत नाही. घरी उशीर होईल, ऑफिस बुडेल, ही कारणं मला सांगू नका. दोरी बांधून जाऊ म्हणणाऱ्यांनी आधी दोरी बांधायला शिकून यावं.

माझा नेम साधा आहे. भिऱ्यात आदल्या रात्री मुक्काम, उजाडताच चालायला सुरुवात, आणि दुपारी बाराला जिथे असू तिथून परत. कुंड दिसो वा न दिसो. यावरून गटातली मंडळी रुसतात. रुसू देत.

दुसरी चूक कुंडात उतरण्याची. निळंशार पाणी रीलमध्ये स्विमिंग पूलसारखं दिसतं. पण धार पडते तिथे पाणी माणसाला खाली दाबतं, तळाला कपारी आहेत, वरून पाण्याबरोबर दगडही येतात. पट्टीचे पोहणारेसुद्धा अशा ठिकाणी जिवानिशी गेले आहेत. "फक्त काठाला पाय बुडवतो" म्हणणाराच शेवाळावरून घसरतो.

बंदीचं पाहूनच निघा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन मनाईचा आदेश काढतं, कधी उठवतं, कधी वाढवतं. गावात फोन करून विचारावं. पैसे घेऊन मागच्या वाटेने नेतो म्हणणारा माणूस भेटेल, त्याला नमस्कार करून परत फिरा. खरं तर ऑक्टोबरमध्ये या. पाणी नितळ, ओढे शांत, धार तरीही भरपूर.

वाटाड्याचे पैसे वाचवू नका. जीपीएसची रेघ वाट दाखवते, ओढ्याला किती पाणी आहे ते दाखवत नाही.

जीन्स नको. भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. बूट खाचदार तळाचे हवेत, ॲक्शन कंपनीचे स्वस्तातले बूटही चालतात. फोन साध्या जाड प्लास्टिक पिशवीत, आणि त्याच्या बॅटरीवर विसंबू नका, वेगळी विजेरी घ्या.

धरणाखाली कुंडलिकेच्या पात्रात डबा खायला बसू नका. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून येऊन पुढे नदीत सोडलं जातं, कोलाडचं राफ्टिंग त्याच्यावरच चालतं. कोरडे दिसणारे गोटे कोरडेच राहतील याचा भरवसा नाही.

आणि अंधारबनचा जंगल ट्रेक जोडून करायचा बेत असेल तर गाडीचा विचार आधी करा. ती वाट घाटावर ताम्हिणीजवळच्या पिंपरी गावाला सुरू होते आणि खाली कोकणात भिऱ्याकडे उतरते. गाडी वर ठेवून खाली उतरलेले लोक संध्याकाळी रस्त्याकडेला हात दाखवत उभे असतात, आणि पावसात भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या सात जणांना कुणी गाडीत घेत नाही.